मदत हवी आहे : काळ्या रानातल्या पाणंदीसाठी जिप्सीचे टायर, गिअर आणि पाटे कसे निवडावेत?

नमस्कार.

मी सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. आमची शेती मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठी आहे. डांबरी रस्ता सोडल्यापासून आमच्या वस्तीपर्यंत अडीच किलोमीटरची पाणंद आहे आणि माझी सगळी विचारणा त्या अडीच किलोमीटरसाठीच आहे. उन्हाळ्यात तिथून कोणतीही साधी मोटार जाते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मात्र काळी माती चाकाला अशी लपेटते की बैलगाडीसुद्धा मध्येच थांबवून खुरप्याने चाके मोकळी करावी लागतात. ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत आई-वडील चार दिवस वस्तीवर अडकले होते. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तेव्हा त्या शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरवरून पोहोचवाव्या लागल्या. वडील आता ७४ वर्षांचे आहेत, वस्ती सोडून शहरात राहायला ते तयार नाहीत आणि त्यांचा तो निर्णय मला मान्य आहे. पाणंदीवर मुरूम पडावा म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज केला आहे, परंतु ते काम होईपर्यंतचे पावसाळे आम्हाला काढायचेच आहेत.

म्हणून गेल्या दिवाळीत मी २०१२ सालची मारुती जिप्सी घेतली. १२९८ सीसीचे ८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, पाच गिअर, पुढे-मागे सलग ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे (एकावर एक पोलादी पाने बांधलेल्या स्प्रिंगा), अशी ती मुळात होती तशीच आहे. मागच्या मालकाने तिच्यात काही बदल केलेले नाहीत. सध्या २०५/७० आर १५ मापाचे, रस्त्यावर चालणारे टायर आहेत आणि त्यांची नक्षी बरीच झिजली आहे. जूनमध्ये पहिल्याच पावसात गाडी पाणंदीत रुतली. फोर बाय फोर लावूनही चाके जागच्या जागी फिरत राहिली आणि अखेर ट्रॅक्टरनेच ओढावी लागली.

बजेट ऐंशी हजारांचे आहे, त्यामुळे सगळे एकदम होणार नाही. ज्यांना विचारले त्या प्रत्येकाचा सल्ला वेगळा आला. आपल्यासमोर मांडण्यापूर्वी मी काही मोजमापे स्वतः केली आहेत. चुकत असेन तर कृपया दुरुस्त करावे.

टायरबाबत माझ्यासमोर दोन मापे आहेत. सध्याच्या टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ६६८ मिलिमीटर येतो, २१५/७५ आर १५चा ७०४ आणि २३५/७५ आर १५चा ७३४. म्हणजे २३५ घेतला तर ॲक्सलखालची उंची ३३ मिलिमीटरने वाढेल आणि २१५ घेतला तर केवळ १८ने. फरक मोठा वाटतो, म्हणून मन २३५कडे ओढते. परंतु टायर दहा टक्के मोठा झाला की तितकाच भार गिअरवर पडणार, आणि या इंजिनची १०३ न्यूटन-मीटरची ताकद मिनिटाला ४५०० फेऱ्यांवर मिळते, खालच्या फेऱ्यांवर ते तसे अशक्तच आहे. आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तुळजापूरला जातो. बालाघाटाच्या चढावर आत्ताच चौथा गिअर टाकावा लागतो, मोठ्या टायरवर काय होईल याची काळजी वाटते.

यातूनच गिअरचा प्रश्न येतो. जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या गिअरपेटीत, हाय (नेहमीच्या रस्त्यासाठी) आणि लो (अवघड वाटेसाठी) असे दोन टप्पे असतात. हायचे गुणोत्तर १.४०९ आणि लोचे २.२६८ आहे. म्हणजे लो लावल्यावर गाडी हायच्या तुलनेत जेमतेम १.६ पट संथ आणि ताकदवान होते. याच घराण्यातल्या सुझुकी सामुराईसाठी ४.१६ गुणोत्तराचा लो देणारे गिअर संच मिळतात आणि ते जिप्सीत बसवता येतात असे कळले. एका परिचिताने ट्रान्सफर केसला हात न लावता दोन्ही ॲक्सलचे क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली गिअरची जोडी) बदलण्यास सुचवले आहे. चिखलासाठी यांपैकी खरोखर कशाची गरज आहे?

तिसरा प्रश्न पाट्यांचा. गाडी फार आदळते. वडिलांच्या कमरेला ते सोसत नाही. ज्या गॅरेजमध्ये विचारले त्यांनी दोन इंच लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकून गाडी उचलण्यास सांगितले, आणि ‘आणखी उंच हवी असेल तर पाटे ॲक्सलच्या वर घेऊ’ असेही म्हणाले. मला उंचीपेक्षा मऊपणा हवा आहे, शिवाय वडिलांना गुडघ्यांमुळे आत्ताच्या उंचीवर चढतानाही हात द्यावा लागतो. गाडी न उचलता चिखलातून जाणे शक्य आहे का?

आपल्यापैकी कोणी काळ्या मातीत जिप्सी, थार किंवा जुनी जीप वर्षानुवर्षे चालवली असेल, तर त्यांच्या अनुभवाला माझ्या लेखी सर्वाधिक किंमत आहे.

प्रतिसाद १

दादा, मी मंगळवेढ्याचा. आमच्याकडे ज्वारीची काळी जमीन आहे आणि वडिलांच्या काळापासून घरात जीप आहे. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर बैलगाडीत आहे. लोखंडी धाव असलेले गाडीचे चाक उंच आणि अरुंद असे. ते वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थरावर टेकत असे. जुन्या जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असत आणि त्याच टायरांवर ती आमच्या रानातून निघून जायची. रुंद टायर वाळूत तरंगतो, म्हणून तिथे चांगला. आपल्या मातीत तो वरच्या चिकट थरावर घसरतो आणि स्वतःभोवती मातीचा गोळा जमवतो. हा गोळा पाटे आणि मडगार्डच्या मध्ये दाबला गेला की चाक जाम होते. २३५ टायर घेतला तर पूर्ण वळण घेताना पुढचा टायर पाट्याला घासण्याचीही शक्यता आहे.

म्हणून माझे मत २१५/७५ आर १५. हेच माप बोलेरोला असल्यामुळे मोहोळ, पंढरपूर, बार्शी कुठेही मिळेल, आणि अडल्या वेळी हा विचार फार उपयोगाचा ठरतो. नक्षी मात्र खोल आणि विरळ हवी. रस्त्यासाठी आणि रानासाठी मिळून जे टायर विकतात त्यांच्या खाचा आपल्या मातीने दहा पावलांत भरून जातात, मग नवा टायर आणि गुळगुळीत टायर सारखेच. चिखलाचा टायर डांबरावर आवाज करेल आणि ओल्या डांबरावर ब्रेक थोडे उशिरा लागतील, एवढे मान्य करून घ्या.

मात्र जूनचा चिखल आणि सप्टेंबरचा चिखल एक नव्हे. जूनमध्ये वरची वीतभर माती भिजते, खाली तळ घट्ट असतो, तेव्हा अरुंद टायर काम करतो. सप्टेंबरच्या शेवटी जमीन खोलवर फुगलेली असते आणि टायरला टेकायला तळच सापडत नाही. अशा वेळी टायरमधली हवा १६-१८ पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचे एकक) कमी करून टायर पसरवावा लागतो. १५च्या खाली मात्र जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो. हवा भरायला बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीतच ठेवा. पाणंदीवर पाणी उभे असेल तर गाडी डांबरावर ठेवून चालत जा. तेव्हा पाडलेली चाकोरी वाळली की वर्षभर दगडासारखी राहते आणि सगळ्या शिवाराला त्रास देते.

प्रतिसाद २

मी पुण्यात असतो आणि सह्याद्रीतल्या खडकाळ वाटांवर जिप्सी चालवतो, त्यामुळे गिअरबद्दलच बोलतो. आपण काढलेले १.६ पटीचे गणित बरोबर आहे. ४.१६चा संच घेतल्यास लो आजच्यापेक्षा सुमारे १.८ पट संथ होईल. मोठ्या दगडांवरून क्लच न जाळता इंचाइंचाने उतरायचे असेल, तर याच्याइतका उपयोगी बदल दुसरा नाही. मी तो केला आहे आणि समाधानी आहे.

तरीही आपण तो करू नये असे मला वाटते. चिखलात चाकाला संथपणा नको असतो, त्याला वेग हवा असतो. टायर काही प्रमाणात फिरला तरच खाचांतली माती बाहेर फेकली जाते आणि पुढच्या फेरीला रबराची कड पुन्हा जमिनीत रुतते. त्यामुळे चिखलात लोचा पहिला गिअर बहुधा चुकीचाच ठरतो. चिखल सुरू होण्याआधीच लोचा दुसरा किंवा तिसरा टाकून एकसारख्या वेगाने जावे, मध्येच गिअर बदलू नये आणि थांबू नये. जूनमध्ये आपण कोणत्या गिअरमध्ये होतात, ते लिहिले नाही.

क्राउन-पिनियनचा मार्ग २३५चा टायर घेणाऱ्यांसाठी ठीक आहे. तो केला तर पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच गुणोत्तराचे असावे लागतात, अन्यथा फोर बाय फोर लावताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात आणि काहीतरी तुटते. २१५वर व्यास सुमारे पाच टक्के वाढतो, काटा ६० दाखवील तेव्हा खरा वेग ६३ असेल. तुळजापूरच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये थोडे जास्त अंतर जावे लागेल, इतकेच. गिअरसाठी ठेवलेले पैसे जमल्यास मागच्या ॲक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्रच फिरायला लावणारे उपकरण) बसवण्यासाठी राखून ठेवा. साध्या डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या मधल्या, डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणाऱ्या गिअरमध्ये) एक चाक घसरले की ताकद त्याच्याकडेच पळते आणि टेकलेले चाक उभे राहते. चिखलात गाडी रुतण्यामागे बहुतेक वेळा हेच असते.

प्रतिसाद ३

माझे सोलापुरातच वर्कशॉप आहे आणि जिप्सी आमच्याकडे नियमित येतात. साहेब, खर्च करण्यापूर्वी एक तपासणी करा. पुढचे एक चाक जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये ठेवा, फोर बाय फोर लावा आणि ते चाक हाताने फिरवा. चाक मोकळे फिरले, तर पुढच्या दोन्ही हबपैकी (चाकाला ॲक्सलच्या दांड्याशी जोडणाऱ्या किंवा सोडवणाऱ्या भागांपैकी) एक तरी हब लॉक होत नाही असे समजा. लिव्हर पडतो, मालकाला वाटते चारही चाके ओढतात, आणि प्रत्यक्षात मागचीच ओढत असतात. जूनमध्ये आपल्या गाडीचे असेच झाले असावे असा मला दाट संशय आहे.

शॅकल लांब करू नका. दोन इंचांच्या शॅकलने गाडी एकच इंच उचलली जाते आणि पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर कोन (चाकांना सरळ ठेवणारा झुकाव) बिघडून स्टिअरिंग पुणे रस्त्यावर भरकटू लागते. पाटे ॲक्सलच्या वर घेतले तर गाडी पाच इंचांच्या आसपास वर जाते. मग ब्रेकच्या नळ्या, प्रोपेलर शाफ्टचे कोन, स्टिअरिंगचा दांडा, सगळेच बदलावे लागते, आणि आपल्या वडिलांना चढण्यासाठी स्टूल लागेल. शिवाय गाडी कितीही उचलली तरी डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो, त्याची उंची फक्त टायरने वाढते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ बांधणीत फेरफार करण्यावर बंधने घालते, आणि आपली गाडी २०१२ची असल्यामुळे २०२७ मध्ये तिची नोंदणी नव्याने करून घेण्यासाठी ती आरटीओसमोर उभी करावी लागेल, हेही लक्षात असू द्या.

गाडी आदळते ती बहुधा पाटे मुळातच कडक आहेत म्हणून नव्हे. इतक्या वर्षांत पाट्याच्या पानांमधल्या जागेत माती आणि गंज बसून सगळी पाने एकच जाड पट्टी झाल्यासारखी होतात. पाटे उतरवून, पाने सुटी करून, घासून, मध्ये ग्रीस लावून पुन्हा बांधा. सगळे बुश आणि शॅकलच्या पिना नव्या टाका, यू-बोल्ट जुने पुन्हा वापरू नका. चारही शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) गॅसचे घ्या, मात्र मूळ लांबीचेच. गाडीत मागे नेहमी ओझे नसेल तर मागचे एखादे पान कमी करण्याचा मोह होईल. तसे करू नका. खताची चार पोती टाकली त्या दिवशी पाटा तुटेल.

धागाकर्ता

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार.

काल रविवारी वस्तीवर न जाता प्रथम हब तपासले. डाव्या बाजूचे चाक जॅकवर मोकळे फिरले. मग दोन्ही हब उघडून पाहिले, तर उजवा हब आत गंजून अडकलेला होता. म्हणजे जूनमध्ये मी जवळजवळ दोन चाकांवरच पाणंदीत शिरलो होतो, आणि तेही लोच्या पहिल्या गिअरमध्ये, कारण सर्वांत ताकदवान गिअर तोच, असा माझा समज होता. पुण्याच्या मित्रांनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

२३५चा विचार मी सोडला आहे. प्रथम हब, नंतर पाटे उघडून साफ करणे, बुश आणि शॉकअब, आणि त्यानंतर २१५/७५चे चिखलाचे चार टायर, असा क्रम ठरवला आहे. गिअरला हात लावणार नाही. लॉकर पुढच्या वर्षी.

एक शंका उरली आहे. आमच्या पाणंदीच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ आहे आणि तोडलेल्या फांद्या वाटेवरच पडून असतात. चिखलाच्या टायरचे रबर जाड असते, म्हणून काट्यांची भीती कमी, असे दुकानदार सांगतात. ते खरे मानावे का?

प्रतिसाद १

अर्धे खरे आहे. ठोकळ्यांवर रबर जाड असते, परंतु दोन ठोकळ्यांमधल्या मोकळ्या जागेत ते पातळ असते आणि काटा तिथूनच शिरतो. तिथले पंक्चर दोरी भरून निघते. टायरच्या बाजूच्या भिंतीत गेलेल्या काट्यावर मात्र दोरीचा भरवसा धरू नका, आणि हवा कमी केली की भिंत बाहेर फुगून नेमकी फांद्यांना लागते. त्यामुळे हवा सोडण्याआधी पाणंदीच्या कडा कोयत्याने साफ करून घ्या.

आणि दादा, तुम्ही चार टायर लिहिलेत. पाच घ्या. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि चिखलात ती चढवून फोर बाय फोर लावले, तर एका चाकाचा व्यास ३६ मिलिमीटरने कमी पडेल आणि डांबरावर आल्यावरही लिव्हर लावलेलाच राहिला तर त्याचा ताण गिअरवर येईल. पाचवा टायर आळीपाळीने चाकावर फिरवत राहिलात, तर पाचही सारखेच झिजतील.