अनुभव धागा: नर्सिंगमध्ये तुम्ही काय मानता?

शिकताना हातात ज्योत धरून शपथ घेतली होती. त्यातलं काय टिकलं, काय गळालं? कोकणात काम केलेल्या सिस्टर-ब्रदरांनी मोकळेपणाने लिहा. पेशंटचं नाव-गाव तेवढं टाळा.

राजापूरकडची: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), २२ वर्षं. भातकापणीच्या दिवसांत फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, चावलेली माणसं यायची. २ मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, सुरू. एकदा दारात नातेवाईक ओरडत होते, "सिस्टर, कायतरी करा ना!" मी बाराव्या मिनिटालाच नळी उचलून बघितली. हललेल्या नळीचा भरवसा नाही. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा २० मिनिटं. कुणी बघितलं नव्हतं. तरी डॉक्टरांना सांगितलं आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. माणूस वाचला. मी मानते ते एवढंच, चूक झाली की त्याच मिनिटाला सांगायची.

वेंगुर्ल्याची एएनएम (गावपातळीवरची नर्स): आमच्याकडे पावसाळा म्हणजे लेप्टो, चिखल-पाण्यातून होणारा ताप. चिखलात उतरणाऱ्यांना तो होऊ नये म्हणून आठवड्याला डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या. एक काकी "घेतलंय गो" म्हणायची आणि गोळ्या पदराच्या गाठीत. मी तावातावाने बोलले. मग कळलं, उपाशीपोटी घेतल्या की तिला मळमळायचं, आणि लावणीतला अर्धा दिवस बुडायचा. आता आधी विचारते, "पेज जेवलंस काय?" गोळ्या नंतर.

रत्नागिरीचा ब्रदर: आजोबा लोक मला "डॉक्टर" म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. तरी दर वेळी सांगतो, मी नर्स आहे.

नाव नको: माझं मत कडू आहे. एका खासगी दवाखान्यात तीन महिने पगार थकला. मागितला तर उत्तर, "सिस्टर, ही सेवा आहे." वाण्याने माझी उधारी काही सेवा म्हणून सोडली नाही! पेशंटची पाठ पुसताना माझ्या मनात सेवा असते, मान्य. पण तो शब्द मी वापरेन, मालकाने नाही.

वेंगुर्ल्याची एएनएम: नाव नको, शंभर टक्के. आणि राजापूरताई, डॉक्टर नंतर काय म्हणाले?

राजापूरकडची: "घड्याळ लावत जा." आता नळी ठेवली की मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावते आणि तो नातेवाइकांच्या हातात देते. गजराकडे बघत बसतात बिचारे, ओरडत नाहीत.