मदत हवी आहे: घडीच्या चाकूसाठी डी२, १४सी२८एन की एस३०व्ही?

नमस्कार. रोज जवळ बाळगायला एक घडीचा चाकू घ्यायचा आहे. पातं ७-८ सेंमी पुरे. आकार, वजन, क्लिप याबद्दल माझं ठरलंय, घोडं अडलंय ते पात्याच्या स्टीलवर. त्याविषयी जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय.

आधी काम सांगते. आठवडाभर पुठ्ठ्याची खोकी, पॅकिंगच्या पट्ट्या, नायलॉनची दोरी. सुट्टीच्या दिवशी बागेत कोवळ्या फांद्या आणि कलमाच्या काड्या. पुठ्ठ्याने धारेची वाट लागते. चाकू उजेडात धरला की पात्याच्या मधोमध, जिथे सगळा जोर येतो तिथे, धारेवर पांढरी रेघ चमकताना दिसते. त्यानंतर तो कापत नाही, नुसता फाडतो. कलमाच्या काडीला तसा काप चालतच नाही, साल चेचली जाते. शिवाय बागेत पात्याला चीक लागतो आणि तो लगेच पुसला जाईलच असं नाही.

मला समजलंय ते असं: डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम, धार बराच वेळ टिकते, पण गंजाची भीती. १४सी२८एन मध्ये कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन. हे गंजत नाही म्हणतात, पण पुठ्ठ्यासमोर किती टिकेल? एस३०व्ही मध्ये ४ टक्के व्हॅनेडियम, तिन्हींत धार टिकायला हेच सरस, पण धार लावणं जिकिरीचं असं ऐकते.

१२ टक्के क्रोमियम असूनही डी२ का गंजतं? आणि या कामांना तुम्ही काय घ्याल? चाकू एका हाताने उघडायला हवा, दुसरा हात मोकळा नसतो.

प्रतिसाद १

गंजाचं आधी सांगतो. डी२ मध्ये कार्बन इतका आहे की बरंचसं क्रोमियम त्याच्याशी जोडलं जाऊन कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या संयुगाचे, कठीण कण बनतात. गंज थोपवायला उरतं ते मोकळं क्रोमियम, आणि ते कमी पडतं. चीक तसाच राहिला तर काळे डाग येणार. शिवाय ते कण मोठे असतात, त्यामुळे अगदी बारीक कोनात धार काढली तर तिचे टवके उडतात. तुमच्या कलमांसाठी डी२ नको.

एस३०व्ही २००१ साली आलं, तेही खास चाकूंसाठी. पुठ्ठ्यावर ते दोघांच्याही पुढे जाईल. पण व्हॅनेडियम कार्बाइड धार लावायच्या नेहमीच्या अॅल्युमिना दगडापेक्षा कठीण असतं. डायमंड प्लेट असेल तर काही अडत नाही. साध्या दगडावर मात्र वेळ जातो आणि धार मनासारखी येत नाही.

मी १४सी२८एन घेईन. धार लवकर जाईल हे खरं, पण चार-पाच हात मारले की परत येते, आणि कण बारीक असल्यामुळे पातळ धार सोसतं. खरं सांगायचं तर स्टीलच्या नावाआधी धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे ते बघा. तिथे अर्ध्या मिमीपेक्षा कमी असेल तर साधं स्टीलही सुरेख कापतं. ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू बघा ना, स्टील साधंच, पातं पातळ, म्हणून कापायला इतका गोड. तुम्हाला मात्र तो सुचवणार नाही. नखाने उघडावा लागतो, म्हणजे दोन्ही हात हवेत, आणि ओलाव्याने लाकडी मूठ फुगली की पातं अडकतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. लॉकबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. लायनर लॉक मिटताना आतली पट्टी अंगठ्याने बाजूला दाबावी लागते, म्हणजे अंगठा पात्याच्या वाटेतच येतो. हात ओले, चिकट असताना हे धोक्याचं. आडव्या दांड्याचं लॉक घ्या, मिटताना बोटं पात्यापासून लांब राहतात. लॉक कुठलंही असो, पात्याच्या पाठीवर जोर देऊ नका.

दोरी आणि पुठ्ठ्यासाठी धार आरशासारखी चमकवू नका. ४००-६०० ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) थांबलात तर तिला किंचित खरखरीतपणा राहतो आणि नायलॉन पटकन धरलं जातं. कलमासाठी उलट, धार तुळतुळीत हवी. एका चाकूवर दोन्ही नीट साधणार नाही. कलमाला एका बाजूनेच धार असलेला वेगळा चाकू ठेवा. आणि लॉक होणारा चाकू जवळ बाळगण्याबाबत तुमच्याकडचा कायदा बघून घ्या. विमानाच्या केबिनमध्ये तर तो चालतच नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. क्रोमियमचा उलगडा झाला, डी२ यादीतून गेलं. कलमाचा चाकू वेगळा घेते, म्हणजे या चाकूकडून एकच अपेक्षा उरते. पण मग एक नवा प्रश्न. कलम वगळलं तर उरतो तो पुठ्ठा आणि दोरीच, आणि डायमंड प्लेट मी घ्यायला तयार आहे. तरीही १४सी२८एनच म्हणाल का? आणि पोलादाला पाणी नीट दिलंय की नाही हे विकत घेताना कसं ओळखायचं? एका चाकूवर ५८ ते ६० एचआरसी (कठीणपणाचं रॉकवेल माप) लिहिलंय, दुसऱ्यावर काहीच नाही.

प्रतिसाद १

मग एस३०व्ही घ्या, पातळ पात्याचा. कठीणपणाचा आकडा लिहिणारा निदान त्याला बांधील राहतो. बाहेरून बघून मात्र काही कळत नाही. नवी धार एकदा प्लेटवर काढून टाका आणि मग पारखा, कारण कारखान्यात धार लावताना कडेचं स्टील कधी कधी तापून मऊ पडलेलं असतं.