पावसाळ्यात फॉन्डंट: वरच्या कडेला चिरा आणि फ्रिजबाहेर काढला की घाम

ठाणेकर_बेकरीण
८ इंची गोल केक, उंची ४ इंच. आत-बाहेर नॉनडेअरी व्हिप्ड क्रीम. त्यावर फॉन्डंटचं (केकवर पोळीसारखं पांघरायचं साखरेचं मऊ आवरण) ५०० ग्रॅमचं तयार पाकीट, ओट्यावर आयसिंग शुगर भुरभुरून नेहमीच्या पोळीच्या लाटण्याने लाटलेलं. वरच्या कडेला बारीक चिरा पडतात, एखाद्या ठिकाणी फाटतोच. खाली चुण्या राहतात. फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासात चिकट होऊन लाल रंग ओघळतो. सीएमसी (फॉन्डंट कडक करणारी पावडर) वाढवली तर चिरा आणखी वाढल्या. शनिवारी ऑर्डर आहे आणि पाऊस थांबायचं नाव नाही. नेमकं काय बदलू?

खडीसाखर
लाटण्याचं नंतर बघू, आधी आतलं क्रीम बदला. फॉन्डंट म्हणजे जवळपास सगळी साखरच, आणि साखर पाणी ओढते. खालून क्रीममधलं, वरून हवेतलं. दोन्हीकडून ओलावा आला की तो ढिला पडतो आणि स्वतःच्याच वजनाने खाली सरकतो. त्यात क्रीम इतकं मऊ की स्मूदर (फॉन्डंट गुळगुळीत करायची सपाट थापी) फिरवला की आत खड्डा.

बाहेरून गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) लावा. डार्क चॉकलेटला चॉकलेट आणि क्रीम वजनाने २:१, व्हाइटला ३:१, या हवेत ४:१ केलंत तरी चालेल. तुमच्या मापाला ५ मिमी थर द्यायचा तर साधारण ६०० ग्रॅम गनाश लागेल: ४०० ग्रॅम डार्क, २०० ग्रॅम २५ टक्के फॅटचं पाकिटातलं फ्रेश क्रीम. क्रीम कडेला बुडबुडे दिसेपर्यंतच तापवा, चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं झाकून ठेवा आणि मग मधून बाहेर ढवळत जा. लोण्याइतका घट्ट झाला की लावायला घ्या. बाजू पट्टीने सरळ करा, पण वरची कड सुरीसारखी धारदार ठेवू नका. बोटाने किंचित मोडा, नाहीतर फॉन्डंट नेमका तिथेच कापला जातो.

आतही तोच गनाश, जरा जास्त क्रीम घालून. फळं, कस्टर्ड नको. गिऱ्हाइकाला क्रीमच हवं असेल तर त्यांना फॉन्डंटने झाकलेला केक नकोच आहे. क्रीमचा केक आणि ऐनवेळी ठेवलेली फॉन्डंटची चार फुलं हवी आहेत. हे ऑर्डर घेतानाच विचारून घ्यावं.

चार_मिमी
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण तुमच्या चिरांचं निम्मं कारण ५०० ग्रॅममध्ये आहे.

चकतीचा व्यास असा काढा: केकचा व्यास अधिक दोन्हीकडची उंची अधिक दोन्हीकडे एकेक इंच. ८ + ४ + ४ + २ म्हणजे १८ इंच. १८ इंची चकती ४ मिमी जाड हवी तर ९०० ग्रॅमच्या वर फॉन्डंट लागतो. ५०० ग्रॅम तेवढा पसरला तर जाडी जेमतेम २ मिमी उरते, तो फाटणारच. १ किलो घ्या. उरलेला क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून डब्यात ठेवला की नंतर कामी येतो.

पोळीचं लाटणं आखूड आणि मध्ये फुगीर, त्याने खाचा पडतात. सरळ, निदान २० इंची रोलर हवा. दोन बाजूंना ४ मिमीच्या चपट्या पट्ट्या ठेवून त्यांवरून तो फिरवला की जाडी आपोआप सारखी येते. ग्रॅनाइटचा ओटा उत्तम, पण खडखडीत कोरडा हवा.

फॉन्डंट आधी लवचीक होईपर्यंत मळा. फारच कडक असेल तर मायक्रोवेव्हमध्ये ५ ते १० सेकंद, जास्त नाही. मळताना घडीत हवा कोंडू देऊ नका. मधून बाहेर लाटा, दर दोन-तीन हातांनी चकती पाव वळण फिरवा, पोळीसारखी उलटू मात्र नका. लाटायला पाच-सात मिनिटांहून जास्त लागली की पृष्ठभाग सुकतो आणि कडेला हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. वाढवलेली सीएमसी हेच करते. ती फुलांसाठी आहे. झाकायला १ किलोला अर्धा छोटा चमचा पुष्कळ झाला.

आता मुख्य गोष्ट. गनाशवर ब्रशने पाण्याचा अगदी पुसट हात फिरवा, चकती रोलरवर घेऊन केकवर सोडा. त्या क्षणी तिचा जवळपास ८० टक्के भाग वरच्या कडेपासून खाली लोंबत असतो. म्हणून माथा गुळगुळीत करत बसू नका. हवा बाहेर जाईल इतपत एकदा हात फिरवा आणि लगेच तळव्यांनी वरच्या कडेखालचा इंचभर पट्टा सगळीकडून चिकटवून टाका. कड धरली गेली की चीर टळली.

मग खाली उतरा. झालरीच्या निऱ्या पडतील. त्या चपट्या दाबायच्या नाहीत. एका हाताने निरीचा खालचा काठ हलकेच बाहेर धरायचा, निरी उघडते. दुसऱ्या हाताचा तळवा केकला लावून वरच्या दिशेने फिरवायचा. खाली ओढायचं नाही, ओढलंत की कडेचा ताण परत येतो. तळाशी अर्धा इंच सोडून पिझ्झा कटरने कापा, दोन स्मूदरनी माथा आणि बाजू एकदम घासा, आणि मग अगदी तळाला लागून दुसऱ्यांदा कापा. एकदाच कापलं तर तो आक्रसून बोर्ड दिसतो.

ठाणेकर_बेकरीण
निऱ्या दाबतच होते! दोन शंका. ओट्यावर आयसिंग शुगर की कॉर्नफ्लोर? आणि फुगे आले तर?

खडीसाखर
कॉर्नफ्लोर. आयसिंग शुगर या हवेत पाणी धरते आणि ओट्याला चिकटते. मलमलच्या तुकड्यात पुरचुंडी बांधून आपटायची, मूठभर ओतायचा नाही.

चार_मिमी
कॉर्नफ्लोर फिकट रंगाला ठीक. काळ्या-लालवर पांढरे डाग राहतात आणि जास्त झाला तर फॉन्डंट कोरडा पडतो. गडद रंगाला ओट्यावर पांढऱ्या शॉर्टनिंगचा (घट्ट वनस्पती तूप) पातळ हात बरा. कोरडा वाटलाच तर मळताना ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब. चमचाभर नको, ग्लिसरीनही हवेतलं पाणी ओढतं.

फुगा दिसला की स्वच्छ बारीक सुई तिरकी टोचा, फुग्याच्या कडांकडून भोकाकडे हवा ढकला, भोक बोटाने चोळा. दुसऱ्या दिवशी बाजूला मोठा फुगवटा आला तर थरांमध्ये पोकळी राहिली आहे किंवा केक फार गार असताना झाकला आहे. गार केक कोमट होतो तशी आतली हवा पसरते. थरांच्या फटी गनाशने आधीच बुजवा. फ्रिजमध्ये सेट केला असेल तर काढून वीस-तीस मिनिटं एसीत ठेवा, पृष्ठभागावर दव दिसलं तर टिश्यूने टिपा, मगच झाका.

रंगारी_केक
रंगाबद्दल: लाल-काळा घरी केला तर इतका जेल रंग लागतो की फॉन्डंट चिकट आणि कडवट होतो. हे दोन रंग तयारच घ्या. बाकीचे आदल्या रात्री मिसळा, रात्रभरात गडद होतात, त्यामुळे एक छटा अलीकडे थांबा. द्रवरूप रंग अजिबात नको.

घामाचं म्हणाल तर झाकलेला केक शक्यतो फ्रिजमध्ये ठेवूच नका. गनाशवाला केक एका रात्रीपुरता एसीच्या खोलीत राहतो. ठेवावाच लागला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरून क्लिंग फिल्म. काढल्यावर दोन-तीन तास खोकं उघडायचं नाही, म्हणजे दव खोक्यावर जमतं, केकवर नाही. तरी घाम आलाच तर पुसू नका, बोटही लावू नका. एसीत आपोआप वाळतो. पुसला की डाग कायमचा. गाडीत एसी सुरू ठेवा, आणि खोकं सीटवर नको, ती मागे उतरती असते. पायाखालच्या सपाट जागेत ठेवा.