लेझर प्रोजेक्टर सॉफ्टवेअरला दाद देत नाही, मदत हवी आहे (गणपती १२ दिवसांवर)

उपद्व्यापी
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. क्विकशो हे लेझर-शोचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलंय, तीन संध्याकाळी घालवून बऱ्यापैकी शिकलोही. स्क्रीनवर गोल फिरतात, लाटा येतात, 'गणपती बाप्पा मोरया' झकास दिसतं. लेझरमधून मात्र काही म्हणजे काही येत नाही. केबल नवीन आहे. लॅपटॉप चार वेळा बंद-चालू केला. कुठलं बटण दाबायचं राहतंय? सोसायटीत शब्द देऊन बसलोय, लवकर सांगा.

पक्कड_पाना
कुठला लेझर? किती वॅट? मागे कोणकोणती सॉकेट आहेत? लॅपटॉप आणि लेझरच्या मध्ये काय लावलंय?

सुतारपक्षी
क्विकशो सोडा, लाइटबर्न घ्या. मी दोन वर्षं वापरतोय. ३ मिमी प्लायवूडवर घराच्या पाट्या लोण्यासारख्या कापल्या जातात.

पक्कड_पाना
काका, ते कापायचं लेझर. यांना भिंतीवर चित्रं दाखवायचीत.

सुतारपक्षी
पण लेझरच ना?

उपद्व्यापी
३ वॅट, आरजीबी, एका मंडपवाल्याकडून सेकंडहँड घेतला. ऑटोवर ठेवला की स्वतःचे नमुने दाखवतो, म्हणजे लेझर ठणठणीत आहे. 'मध्ये काय' म्हणजे? केबल आहे की. सांगितलं ना वर.

तेजोनिधी
इंटरलॉक (सुरक्षेची कडी) बघा. इल्डा सॉकेटचे (लेझरच्या मागचं २५ पिनांचं) ४ आणि १७ नंबरचे पिन जोडलेले नसतील तर काही प्रोजेक्टर हूं की चूं करत नाहीत. माझा पूर्ण महिना यात गेला होता.

पक्कड_पाना
तुमचं दर धाग्यावर इंटरलॉकच असतं हो. आधी त्यांची केबल कुठली ते तर कळू द्या. उपद्व्यापी, केबलची दोन्ही टोकं कशी आहेत?

उपद्व्यापी
एकीकडे यूएसबी, दुसरीकडे २५ पिनांचं. लेझरच्या मागे घट्ट बसते, स्क्रूसकट. लॅपटॉपलाही कळते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट' असं येतं.

पक्कड_पाना
आधी ती केबल काढा. जुन्या प्रिंटरची आहे ती! प्रिंटरचं आणि इल्डाचं २५ पिनांचं सॉकेट दिसायला सख्खे भाऊ, म्हणून बसली. काम अगदी वेगळं. लेझरच्या पोटात दोन इवलेसे आरसे असतात, एक आडवा हलवणारा, एक उभा. आरसा किती वळवायचा हे व्होल्टेज कमी-जास्त करून सांगावं लागतं, रंगांचंही तसंच. लॅपटॉपचे आकडे त्या व्होल्टेजमध्ये बदलणारी डबी मध्ये लागते, तिला डॅक म्हणतात. तुमच्याकडे ती नाहीच. क्विकशो फुकट उतरवता येतं, पण बाहेर काही पाठवायचं तर त्याच कंपनीची एफबी३ किंवा एफबी४ ही डबी लागते.

उपद्व्यापी
म्हणजे तीन संध्याकाळी पाण्यात?? मंडपवाला म्हणाला होता "कॉम्प्युटरला लागतो".

तेजोनिधी
एफबी३ घेऊन टाका. शिकलेलं वाया जात नाही.

ठाण्याची_वाघीण
हौशी माणसाला कशाला तो खर्च? हेलिऑस डॅक घ्या. यूएसबीवर चालतो, डिझाइन खुलं आहे. सोबत लेझरशोजेन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

तेजोनिधी
फुकट सॉफ्टवेअरवर कार्यक्रम करायचा म्हणजे लग्नात मोबाइलवर सनई लावण्यासारखं.

ठाण्याची_वाघीण
सोसायटीचा गणपती आहे तो, परदेश दौरा नव्हे. उपद्व्यापी, माझा जुना हेलिऑस पडून आहे, उद्या कुरियर करते. विसर्जनानंतर परत पाठवा.

रस्त्यावरचा_माणूस
ह्या लेझरवाल्यांनी उच्छाद मांडलाय. मिरवणुकांत लोकांच्या डोळ्यांना इजा झाल्यावर २०२४ मध्ये पुण्यात पोलिसांना बंदी आणावी लागली. कोल्हापुरातही आली. तुम्ही परवानगी काढलीत का? आणि डीजे पण असेलच.

उपद्व्यापी
डीजे नाही, भजनी मंडळ आहे. लेझर गच्चीवरून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर, लोकांच्या डोक्याच्या खूप वर. परवानगीचं सेक्रेटरींना विचारतो.

पक्कड_पाना
त्यांचा सूर सोडा, मुद्दा बरोबर आहे. ५०० मिलिवॅटच्या वर चौथा, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्ग लागतो, तुमचा ३ वॅट आहे. सरावाच्या वेळी गच्चीवर पोरं नकोत. एका जागी थांबलेला ठिपका सगळ्यात वाईट. आकाशात सोडू नका. लेझरच्या तोंडासमोर मोबाइल धरलात तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जाईल.

उपद्व्यापी (चार दिवसांनी)
वाघीणताई, डबी मिळाली, लेझर बोलला! वर्तुळ आलं तेव्हा मी एकटाच गच्चीवर ओरडलो. आता नवी रड. 'गणपती बाप्पा मोरया' हे नाव नुसतं फडफडतंय, 'प'चे कोपरे वितळल्यासारखे गोल. लेझर खराब निघाला का?

ठाण्याची_वाघीण
फ्रेममध्ये, म्हणजे एका चित्रात, बिंदू किती? स्कॅनर, म्हणजे ते हलणारे आरसे, कितीचा? भिंत किती लांब, नाव किती रुंद?

उपद्व्यापी
बिंदू २६००. स्कॅनरवर ३० के लिहिलंय. भिंत १० मीटरवर, नाव साधारण ६ मीटर.

ठाण्याची_वाघीण
मग बरोबर फडफडतंय. ३० के म्हणजे सेकंदाला ३०,००० बिंदू. भागिले २६००, म्हणजे अख्खं नाव सेकंदाला जेमतेम साडेअकरा वेळा काढलं जातं. १२०० च्या आत आणा, २५ वेळा होईल. दुसरं, तो ३० के आकडा ८ अंशांच्या कोनासाठी असतो, १० मीटरवर साधारण १.४ मीटर. तुम्ही ३३ अंश मागताय, आरशाला तेवढी धाव झेपत नाही. नावाची रुंदी अडीच मीटरवर आणा, वेगही थोडा उतरवा. अक्षरं फॉन्टमधून घेतलीत ना?

उपद्व्यापी
हो. ठळक, सुंदर फॉन्ट आहे.

ठाण्याची_वाघीण
तिथेच गोची. फॉन्ट अक्षराची बाह्यरेषा देतो, म्हणजे प्रत्येक दांडा दोनदा. फ्रेम एडिटरमध्ये एकेरी रेषेने हातानं काढा. आणि शाळेतल्या बाईंच्या उलट करा. बाई सांगायच्या, आधी अक्षर, मग वर रेघ. इथे शिरोरेषा आधी, एका दमात डावीकडून उजवीकडे. मग परतीच्या वाटेवर उजवीकडून एकेक अक्षर खाली लटकवत या. शेवटी आरसा सुरुवातीपाशीच असतो, लेझर विझवून मारायची लांब उडी वाचते. कोपऱ्यावर चार-पाच बिंदू एकावर एक ठेवा, नाहीतर आरसा पोचायच्या आत पुढे वळतो.

तेजोनिधी
तीन शब्द एकदम दाखवायचा हट्ट कशाला? एकेक शब्द आणा, बिंदू विभागले जातील. (आणि ४-१७ तपासलेत का?)

पक्कड_पाना
एकेक शब्दाचं पटलं. कंसातलं नाही.

उपद्व्यापी
दोन रात्री जागलो. एकेक शब्द, सगळ्यात मोठा ९४० बिंदू. 'मोरया' टाकीवर स्थिर उभा आहे, कोपरे धारदार. 'बाप्पा'मधला प्प मात्र गिचमिड. आई खालून बघून म्हणाली, "बाया कोण?"

ठाण्याची_वाघीण
😂 अर्ध्या प चा आडवा दांडा थोडा लांबवा आणि दोन्ही प मध्ये जास्त जागा सोडा.

सुतारपक्षी
मी 'बाप्पा' प्लायवूडमध्ये कापून देऊ का? दोन फूट, मागून दिवे लावता येतील. कुठे राहता?

उपद्व्यापी
नाशिक, इंदिरानगर. काका, खरंच देता? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.