मदत हवी आहे: इलेक्ट्रिक व्हीलचेअर रॅम्पवर मध्येच बंद पडते

घाईत_आहे:
आईची खुर्ची बिल्डिंगच्या रॅम्पवर अर्ध्यात बंद पडते. रात्रभर चार्ज केलेली असते, जॉयस्टिकवर सगळे दिवे लागतात. बंद-चालू केली की परत चालते. मोटर गेली का? रविवारी लग्नाला न्यायचंय, लवकर सांगा.

मल्टिमीटर:
कुठली बॅटरी, किती जुनी? चढताना दिवे हिरव्यावरून लाल होतात का? आईंचं वजन? रॅम्प किती लांब, किती उंच? एवढं कळल्याशिवाय मोटरला दोष देऊ नका.

रानवारा:
लिथियम बॅटरी टाका, प्रश्न मिटला. बॅटरीचं वजन निम्म्यावर येतं.

अण्णा_डोंबिवली:
एवढं कशाला? मोटरजवळचे दोन्ही लिव्हर फ्री करायचे, वॉचमनने मागून ढकलायचं.

मल्टिमीटर:
अण्णा, चढावर हे अजिबात नको. लिव्हर फ्री केले की ब्रेक सुटतात. खुर्ची आणि माणूस मिळून शंभर किलोच्या वर, वॉचमनचा पाय घसरला की संपलं. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतात, म्हणून तर खुर्ची जागेवर थांबते. लिव्हर सपाट जमिनीवरच.
रानवारा, आतला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) 20 अँपिअरला वीज तोडणारा असेल तर चढावर लिथियमही अशीच बंद पडेल. शिवाय चार्जर बदलावा लागतो. आणि मागचं शिशाचं वजन गेलं की तोलही बदलतो.

रानवारा:
चांगला बीएमएस घ्यायचा, स्वस्तातला कोण घ्या म्हणालं?

घाईत_आहे:
लेड-अ‍ॅसिड, 12 व्होल्टच्या दोन. खुर्ची घेतली तेव्हाच्याच, तीन वर्षं झाली. हो, चढताना लाल होतात. आई 68 किलो. तीन पायऱ्यांवर लोखंडी रॅम्प टाकलाय.

चकली:
विमानात न्यायची असेल तर: काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असेल तर 300 वॉट-तासांपर्यंत, दोन असतील तर प्रत्येकी 160. 24 व्होल्ट 12 अँपिअर-तास म्हणजे 288, चालते. 20 ची 480 होते, नाही चालत. काढून, टोकं झाकून केबिनमध्ये घ्यायची.

घाईत_आहे:
विमान नाही हो, गेटपर्यंत जायचंय!

मल्टिमीटर:
दिवे लाल होतात म्हणजे भाराखाली व्होल्टेज पडतंय आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला बंद होतोय. उभी असताना दिवे पूर्ण दिसतात, त्यावर जाऊ नका. चार्जिंग काढून तीन-चार तासांनी मोजा, दोन्ही मिळून 25.4 च्या वर हवं. मग कुणीतरी खुर्ची रॅम्पवर चढवत असताना प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. उतरल्यावर कनेक्टरला हात लावून बघा. गरम असेल तर टर्मिनल ढिलं आहे किंवा गंजलंय, बॅटरी बिचारी निर्दोष.

घाईत_आहे:
विश्रांतीनंतर 25.6. चढताना एक 11.7, दुसरी 9.3. कनेक्टर थंड.

मल्टिमीटर:
दुसरी गेली. पण बदलायच्या दोन्ही, एकाच बनावटीच्या, एकाच तारखेच्या. नवी-जुनी जोडली तर जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही खेचते. दुकानात डीप सायकल मागा, म्हणजे बराच वेळ वीज देणारी; स्कूटर स्टार्ट करायची नको. पुढे लाल दिवा येईपर्यंत वापरून तशीच ठेवू नका, आत सल्फेट साचतं.

दोन_चाकं:
रॅम्पचं माप अजून आलंच नाही. तीन पायऱ्या म्हणजे साधारण 18 इंच. लांबी?

घाईत_आहे:
7 फूट.

दोन_चाकं:
म्हणजे 12 अंशांचा चढ! 1:12 (1 फूट उंचीला 12 फूट लांबी) धरलं तर 18 फूट लागतात, तो 5 अंशांच्या आतच येतो. पुस्तिकेतली कमाल मर्यादा बघा. नव्या बॅटऱ्यांनी चढेल, पण मागे उलटायचा धोका तसाच. रविवारी आईंना हाताने ढकलायच्या व्हीलचेअरमधून दोघांनी धरून उतरवा.

घाईत_आहे:
18 फूट? कमिटी म्हणेल पार्किंग जातंय.

दोन_चाकं:
सरळ नका काढू. भिंतीलगत 9 फूट, 5 फुटांची सपाट जागा, तिथून वळून 9 फूट. दोन्ही बाजूंना कठडा. आणि चकचकीत टाइल लावू देऊ नका, पावसात चाक जागच्या जागी फिरतं.

अण्णा_डोंबिवली:
लग्न कुठंय? हॉलला लिफ्ट आहे का ते आधी विचारा.