पणजोबा सापडतात, पण प्रत्येक कागदावर आडनाव वेगळं. कुठला धागा धरू?

कुकडीकाठची

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बँकेच्या काउंटरवर ३२ वर्षं लोकांच्या सह्या जुळवल्या आणि आता निवृत्तीनंतर स्वतःच्याच माहेरचं आडनाव जुळेना झालंय.

माहेरचे आम्ही लोखंडे. मूळ गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठाला. आजोबा बाळू १९२५ च्या आसपास, १६-१७ वर्षांचे असताना मुंबईला आले, लालबागला गिरणीत चिकटले, ते गावी राहायला म्हणून पुन्हा गेलेच नाहीत. गिरणीच्या पासावर नाव इंग्रजीत. 'ख'ला लागणारा 'एच' कारकुनानं खाल्लेला. पुढे वडिलांना शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी तो पास समोर ठेवला आणि रजिस्टरात मराठीत उतरवलं 'लोकंदे'. नाव मराठीतून इंग्रजीत गेलं आणि परत येताना ओळखू येईना! वडिलांनी १९६१ साली राजपत्रात छापून ते दुरुस्त करून घेतलं. तो अंक अजून ट्रंकेत आहे, डांबराच्या गोळ्यांसकट.

वडील आता ८६ वर्षांचे आहेत. त्यांचा एकच धोशा असतो, 'गावाला आपली जमीन होती, ती धोंडूबाबांनी गिळली.' धोंडूबाबा म्हणजे त्यांचे थोरले चुलते. मला जमीन नकोय. पण आपण त्या गावचेच ना, एवढं तरी कागदावर बघायचंय.

आत्तापर्यंत हाती लागलंय ते असं. १९०८ च्या जन्मनोंदीत 'राघू वलद तुका' यांना मुलगा झाल्याचं लिहिलंय. पणजोबा राघू आणि खापरपणजोबा तुका हे आम्हाला ऐकून माहीत आहेत, पण त्या ओळीत ना आडनाव, ना बाळाचं नाव. एका टाइप केलेल्या यादीत 'सखू कोम राघू लोरवंडे' अशी ओळ आहे. हे लोरवंडे कोण? आणि कोम ही जात आहे का? तिसरं म्हणजे आत्याकडे निघालेलं शके १८१९ चं मोडीतलं गहाणखत. शेजारच्या एका गृहस्थांनी भिंग लावून अर्धंमुर्धं वाचलं. त्यात 'तुका' आहे आणि आडनाव 'लोहकरे' आहे म्हणाले.

लोकंदे, लोरवंडे, लोहकरे, लोखंडे. यातलं चुकलेलं कुठलं आणि मुळात वेगळ्याच माणसाचं कुठलं?

मोडीचा_नाद

ताई, लोरवंडे सोडवून टाकतो आधी. जुन्या हस्ताक्षरात 'ख'चे दोन भाग सुटे पडायचे, तो सरळ 'रव' दिसतो. टाइप करणाऱ्यानं दिसलं ते मारलं. म्हणजे लोखंडेच. मी 'रवरात' आणि 'रवोत'सुद्धा पाहिलेत. डिजिटल यादीत शोधताना 'ख'च्या जागी 'रव' घालून एकदा बघायचंच. तसंच घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. शिंदे नसतील तर 'सिंदे' बघा, जाधव नसतील तर 'जादव'.

'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम राघू' म्हणजे राघूची सखू. जातीशी काही संबंध नाही. पुरुषांना 'बिन' किंवा 'वलद', म्हणजे अमक्याचा मुलगा. तेव्हा ती तुमची पणजी असायला हरकत नाही.

गहाणखताचे फोटो टाका. उन्हात नको, खिडकीशी सावलीत काढा, कागद सपाट ठेवून. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, आधी आडवी रेघ ओढायची आणि खाली अक्षरं लटकवत जायची. एक शब्द कुठे संपला आणि पुढचं नाव कुठे सुरू झालं हे सवयीनंच कळतं. 'मौजे'चं नुसतं 'मौ॥' करतात, 'कसबे'चं 'क॥'. तेही लोक नावाला चिकटवून वाचतात.

जुना_दप्तरी

कुकडीकाठच्या ताई, मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, म्हणून दोन शब्द.

आडनाव बाजूला ठेवा. खरंच ठेवा. आमच्या दप्तरात माणूस ओळखायचा तो गाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर या तिन्हीवर. आडनाव लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असायचं. गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, त्याला ते लिहायची गरजच वाटायची नाही. तुम्ही चार आडनावांमागे धावताय, मी असतो तर एका जमिनीमागे धावलो असतो. ती जागची हलत नाही.

धोंडूबाबांच्या नातवंडांपैकी कुणी गावात असेल ना? भांडण असलं तरी जा, चहा घ्या, आणि त्यांच्या सातबाऱ्याची झेरॉक्स मागा. हाताने लिहिलेला जुना मिळाला तर सोनं. त्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे नंबर. शेवटच्या आकड्यापासून एकेक फेरफार मागे काढत जायचं. मध्ये एकत्रीकरण आडवं येईल. १९४७ च्या कायद्याखाली तुकडे जोडून सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तिथं बहुतेकांचा धागा तुटतो. तो जोडायला भूमी अभिलेखकडून एकत्रीकरणाचं जबाब पत्रक घ्या. कुठला जुना सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात असतं.

बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आलेत, घरबसल्या बघता येतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधापायीही बरंच दप्तर बाहेर निघालं, स्कॅन झालं. तुमची ती यादी त्यातलीच असेल. पण यादी म्हणजे कुणीतरी वाचून केलेली नक्कल. मूळ पान बघितल्याशिवाय काही धरून चालू नका.

जन्मनोंदीत बाळाचं नाव नाही यात नवल नाही. जन्माची वर्दी दोन-चार दिवसांत जायची आणि बारसं नंतर व्हायचं. त्याच गाव नमुना १४ मध्ये मयताच्या नोंदी असतात, त्या बघा. पणजोबा कधी गेले काही माहीत आहे का?

आणखी एक. सातबाऱ्यावर तुमच्या आजोबांचं नाव नसलं तर लगेच गिळली-बिळली म्हणू नका. थोरल्याच्या नावापुढे 'ए. कु. क.' दिसतंय का बघा. एकत्र कुटुंब कर्ता. धाकट्यांची नावं मग त्याच्यामागे झाकली जातात. पोरं लहान असली तर 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालन कर्ता, आणि पुढे आईचं नाव.

सहज_डोकावलो

एक शंका. राघूचा तुका, तुकाचा राघू असंच चालत आलं असणार. नातवाला आजोबाचं नाव. मग १९०८ चा 'राघू वलद तुका' पणजोबाच कशावरून? आमच्यात अशा दोन पिढ्या एकीत एक घुसल्या होत्या, चुलत्यांनी आजोबांचं वय ११२ काढलं होतं.

कुकडीकाठची

सर्वांचे आभार. लोरवंडे वाचून घरात सगळे हसले, वडीलसुद्धा.

दप्तरी काका, पणजोबा मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, गेले असं आजोबा सांगायचे. म्हणजे १९१८ धरू ना? गहाणखताचे दोन फोटो टाकलेत.

मोडीचा_नाद

पहिलं पान वाचलं. तुमच्या शेजाऱ्यांनी 'लोहकरे' बरोबर वाचलंय, पण ती चतुःसीमा आहे. 'पूर्वेस लोहकरे यांचे शेत, दक्षिणेस ओढा' असं चाललंय. लोहकरे बांधाला बांध असलेले शेजारी. जमीन गहाण टाकणारा शेवटी आहे: 'निशाणी नांगर तुका बिन राघू'. शेजारी खरंच छोटा नांगर काढलाय, बघा. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराची खूण करायचा. तुकाला आडनाव अख्ख्या पानात कुठंही नाही.

सहज_डोकावलो यांची शंका रास्त होती, तुकाचा बापही राघूच निघाला. पण शके १८१९ म्हणजे १८९७. तेव्हा तुका स्वतः खत करून देतोय, तर त्याचा बाप १९०८ साली बाळाचा बाप होणं अवघड. १९०८ वाला राघू मुलगाच. (शकात ७८ मिळवायचे, आणि फसली, म्हणजे जुनं महसुली साल दिसलं तर ५९०.) १८९६-९७ दुष्काळाचं साल, गहाण का पडली ते वेगळं सांगायला नको.

जुना_दप्तरी

मानमोडी म्हणजे १९१८च. दुसरी लाट मोठी होती, सप्टेंबर ते नोव्हेंबर. ती पानं आधी उघडा. वारसाचा फेरफार मात्र १९१९ मध्येही सापडेल, तेव्हा गावात नोंदी घालायला माणूस उरला होता कुठं.

कुकडीकाठची

चार महिन्यांनी येतेय. मध्ये वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.

धोंडूबाबांच्या नातवाकडे गेले. ६० वर्षांत आमच्याकडून त्या घराची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. वहिनींनी आधी चहा दिला, मग विचारलं कशाला आलात. दादांनी पत्र्याच्या पेटीतून हाताने लिहिलेला सातबारा काढला. वर्तुळातले आकडे होते, काका. एकत्रीकरणाशी येऊन अडले, तेव्हा जबाब पत्रक काढलं. एका कार्यालयात तीन खेपा झाल्या, पैकी एक निव्वळ किल्लीवाला रजेवर होता म्हणून. आणि जुना सर्व्हे नंबर निघाला. बांधाला आजही लोहकरेच आहेत.

१९१८ च्या ऑक्टोबरचं मयताचं पान बघून मी जरा वेळ बाहेर जाऊन बसले. एका पानावर एवढी माणसं, आणि कारणाच्या रकान्यात खालपर्यंत 'ताप', 'ताप', 'ताप'. राघू वलद तुका त्यात अकरावे. १९१९ चा फेरफार असा: 'राघू तुका मयत, वारस मुलगा धोंडू राघू, अ. पा. क. आई सखू कोम राघू.' आजोबांचं नाव नाही. धोंडू १४ वर्षांचे, आजोबा १०.

मग १९४६ चा फेरफार. जसाच्या तसा उतरवते: 'बाळू राघू लोखंडे रा. मुंबई यांनी आपले हिश्शाबद्दल रोख रु. १५० धोंडू राघू लोखंडे यांजकडून घेऊन हक्क सोडला.'

जमीन गिळली नव्हती. आजोबांनी पैसे घेऊन सोडली होती आणि घरी कधी बोलले नाहीत. १९४६ साली वडील ८ वर्षांचे. त्या वर्षी चाळीतली खोली घेतली, हे आत्याला आठवतं. पागडीचे पैसे कुठून आले ते तिला माहीत नव्हतं.

वडिलांना सांगू की नको यात आठवडा गेला. शेवटी नक्कल हातात दिली. आता त्यांना चष्म्याशिवाय दिसतं. आधी आडनावावर बोट ठेवलं, म्हणाले, 'ख नीट आहे.' मग पुढचं वाचलं. बराच वेळ कागद धरून बसले आणि मग विचारलं, 'धोंडूबाबांच्या नातवाचा फोन नंबर घेतलास का?'

जुना_दप्तरी

ताई, छान काम केलंत. १५० रुपये आहेत म्हणजे आणखी एक कागद असणार. स्थावराचा व्यवहार १०० रुपयांचा किंवा वरचा असला की नोंदणी सक्तीची, १९०८ च्या कायद्यानं. दुय्यम निबंधकाकडे १९४६ ची सूची काढा. पण ती नावावर लावलेली असते, तेव्हा 'लोकंदे'खालीही बघा. आजोबांनी ओळख म्हणून गिरणीचा पास दाखवला असला तर?

कुकडीकाठची

अगं बाई, हे डोक्यातच आलं नाही. सोमवारी जाते.

आणि तो थोरला राघू, नांगरवाल्या तुकाचा बाप, तो कुणाचा मुलगा? गहाणखताच्या दुसऱ्या पानावर काही आहे का हो?

मोडीचा_नाद

दुसरं पान तुम्ही उलटं टाकलंय, मागून शाई फुटलेली दिसतेय. सरळ करून पुन्हा टाका.