एकट्याने आशिया फिरताना: ताटातलं, घरातलं, रानातलं

एकट्याने प्रवास करणाऱ्याला लोक आधी भीतीबद्दल विचारतात. मला या धाग्यात वेगळं विचारायचं आहे. आशियात फिरताना असं काय खाल्लंत, पाहिलंत, शिकलात, जे सोबत कुणी असतं तर वाट्याला आलं नसतं? ठिकाणांच्या याद्या नकोत. एखादं जेवण, एखाद्या घरातली रीत, एखादा प्राणी, आणि तुम्ही तिथवर कसे पोचलात, एवढं लिहा. सुरुवात मी करते.

श्रीलंकेतला मिन्नेरियाचा तलाव तिसऱ्या शतकात महासेन राजाने बांधला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याचं पाणी ओसरतं, उघड्या पडलेल्या जमिनीवर कोवळं गवत उगवतं आणि आजूबाजूच्या जंगलांतले हत्ती त्यासाठी शेकड्याने येतात. एकटीला अख्खी जीप परवडेना, म्हणून जिथे उतरले होते तिथल्या मालकांनी मला आपल्या बहिणीच्या कुटुंबासोबत बसवून दिलं. त्यांच्या आजींनी केळीच्या पानात बांधलेला भात आणला होता. सोबत परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, आणि खोबऱ्याचं झणझणीत पोल संबोल. बाकीच्या जीपगाड्या कळपाच्या अगदी जवळ घुसत होत्या. आमच्यासमोर एक पिल्लू आईच्या पायांत लपलं, तशा आजींनी चालकाला इंजिन बंद करायला लावलं आणि गाडी तिथून पुढे जाऊ दिली नाही. हत्ती कसे पाहायचे हे मी त्या आजींकडून शिकले.

*

मी मंगोलियाबद्दल लिहितो. उलानबातरहून साधारण शंभर किलोमीटरवर हुस्ताई राष्ट्रीय उद्यान आहे. ताखी हा रानघोडा बघायला तिथे गेलो होतो. १९६९ नंतर हा घोडा रानात कुणाला दिसला नव्हता. उरले होते ते प्राणिसंग्रहालयांत, तेही मोजक्याच घोड्यांचे वंशज. १९९२ मध्ये युरोपातून काही ताखी हुस्ताईत परत आणले आणि त्यांच्यापासून पुन्हा मोकळे कळप तयार झाले. अंगाने ठेंगणा, वाळूच्या रंगाचा, पांढुरक्या तोंडाचा, ताठ उभ्या आयाळीचा. पाळीव घोड्याची गुणसूत्रं ६४ असतात, याची ६६. संध्याकाळी ते टेकड्यांवरून पाण्यावर उतरतात. नुसतं बसून राहायची तयारी असेल तर दिसतातच.

पण मनात जास्त राहिलं ते एका गुराख्याचं गेर. गेर म्हणजे लोकरीच्या नमद्याचं गोल घर, दार दक्षिणेला. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आत शिरून डावीकडे वळायचं, मधल्या दोन खांबांमधून जायचं नाही. वाटी उजव्या हाताने घ्यायची, डावा हात कोपराखाली धरून. यातलं काहीच मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगायला समान भाषाच नव्हती. घरातल्या माणसांकडे बघत बघत सगळं करत गेलो. सोबत मित्र असते तर आम्ही आपसात बोलत बसलो असतो. मिठाचा दुधाळ चहा आला, मग दगडासारखं कडक, आंबट आरूल, म्हणजे वाळवलेलं दही. ते चावायचं नाही, गालात धरून ठेवायचं. मुलांनी मेंढीच्या घोट्याची हाडं आणली. हाड पडतं त्या बाजूवरून मेंढी, बकरी, घोडा की उंट ते ठरतं. अंधार पडेपर्यंत खेळलो.

*

मंगोलियात मला जड गेलं असतं, मी पूर्ण शाकाहारी आहे. आधीच सांगतो, त्यासाठी पूर्व आशिया टाळू नका.

तैवानमध्ये दुकानाच्या पाटीवर स्वस्तिक दिसलं की निःशंक आत शिरायचं. ते बौद्ध शाकाहारी खाणावळीचं चिन्ह आहे. मांडून ठेवलेल्या भाज्यांतून हवं ते ताटात वाढून घ्यायचं. बऱ्याच ठिकाणी वजनावर पैसे घेतात, त्यामुळे एकट्यालाही थोडं थोडं बरंच काही चाखता येतं.

जपानमध्ये मात्र अडचण वरून दिसत नाही. भाजीच्या साध्या वाटीतही बहुतेक वेळा बोनिटो या सुक्या माशाचं पाणी असतं. म्हणून मी कोयासानला गेलो. डोंगरावरचं हे मठांचं गाव, तिथे मठातच मुक्काम करता येतो. जेवण शोजिन र्‍योरी पद्धतीचं. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळांच्या पिठाचा मऊ गोमादोफू, गोठवून वाळवलेल्या टोफूचा रस्सा, समुद्रशेवाळ, लोणची, सगळं छोट्या छोट्या वाट्यांत. मी एकटाच जेवत होतो, त्यामुळे प्रत्येक वाटीची चव नीट लक्षात राहिली. कोयासान वसवणारे भिक्षू कोबो दाइशी ८३५ पासून ओकुनोइन या तिथल्या समाधिस्थानी ध्यानस्थ बसलेले आहेत, अशी तिथली श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी भिक्षू रोज दोनदा जेवण घेऊन जातात. दोन लाखांहून जास्त समाध्यांच्या त्या देवदारवनातून सकाळी तो डबा जाताना मी पाहिला. मी जेवलो तेही त्याच परंपरेतलं अन्न होतं, याचं फार समाधान वाटलं.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी: काही मठ एका माणसाला खोली देत नाहीत. आधी विचारून घ्या.

*

बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबा राज्यातली किनाबातांगान नदी. हे लिहिताना आनंद होतो आणि त्रासही.

सुकाऊ गावात नदीकाठच्या एका कुटुंबाकडे राहिले. जेवण जमिनीवर बसून, हाताने. नेचाच्या कोवळ्या कोंबांची भाजी, नदीतला मासा आणि कोळंबीच्या आंबवलेल्या गोळ्यातून केलेलं तिखट संबाल. भल्या पहाटे आणि संध्याकाळी होडीतून फेरी. प्रोबोसिस माकडं झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. नराचं नाक ओठांखाली लोंबतं. हे माकड बोर्निओखेरीज कुठेही नाही. पोटात कप्पे असतात, त्यांत पानं आंबवून ते पचवतं. बुटके हत्ती दिसले, धनेश दिसले, एक ओरांगउटान मादी पिल्लासह दिसली.

इतके प्राणी इतक्या सहज कसे दिसतात, असं मी नावाड्याला विचारलं. त्याने होडी काठाला लावली आणि मला झाडीतून पलीकडे नेलं. थोडं चालताच जंगल संपलं. पुढे नजर जाईल तिथवर पामतेलाची झाडं, एकसारख्या रांगांत. प्राण्यांना जायला दुसरी जागा उरलेली नाही, म्हणून ते नदीकाठच्या पट्टीत गोळा झालेत. मोठ्या गटाबरोबर असते तर हे मला कुणी दाखवलं नसतं, कारण ते फेरीत येत नाही.

आणखी एक. ओरांगउटानला पोहता येत नाही. पूर्वी ओढ्यांवर दोन्ही काठांच्या फांद्या एकमेकींना भिडायच्या, त्यावरून तो पलीकडे जायचा. मोठी झाडं तोडली गेल्यावर माणसांनी तिथे दोरांचे पूल बांधले. घरच्या बाई दिवसा त्या पट्टीत रोपं लावायला जात, मीही गेले. रोप लावण्यापेक्षा वेलींनी गुदमरू नये म्हणून भोवतालचं रान काढत राहणं हेच खरं काम आहे, आणि ते वर्षानुवर्षं करावं लागतं. जाणार असाल तर अशा घरी राहा, पैसे थेट त्यांच्या हातात पडतात.

*

वरचं वाचून नेपाळमधलं चितवन आठवलं. तिथे रानात पायी जाताना सोबत निदान दोन वाटाडे लागतात. एकट्या पाहुण्यालाही दोन, म्हणून मला जणू शिकवणीच मिळाली. गेंड्याची नजर मंद, पण नाक आणि कान तीक्ष्ण. तो धावून आला तर झाडावर चढा, जमलं नाही तर जाड बुंध्याआड व्हा, तेही नसेल तर नागमोडी पळा. अस्वल आलं तर पळू नका, एकत्र उभे राहून गलका करा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे शंभरच्या आसपास गेंडे उरले होते. २०२१ च्या गणनेत चितवनमध्ये ६९४ मिळाले. या पुनरागमनात सैन्याची गस्त आहे, तशी पिकं तुडवली गेली तरी सोसणारी गावंही आहेत.

त्यांपैकीच एका गावात, थारू या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या घरात जेवलो. तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिक्री आणि घोंगी, म्हणजे पाण्यातल्या गोगलगाई, शंखातून ओढून खायच्या. घरमालकाने सांगितलं की गेल्या हंगामात गेंड्याने त्यांचं भाताचं निम्मं शेत खाल्लं. भरपाईचा अर्ज अजून फिरतोय, तरी गेंडा नसावा असं त्यांना वाटत नाही.

हत्तीच्या पाठीवर बसून रान दाखवतात ते घेऊ नका. पायी जा, दोन्ही वाटाड्यांना योग्य मजुरी द्या आणि दुपारचं जेवण गावात करा.